आकृती ३

घारपुरे साहेबांचं डोकं, रेषा माझ्या.
भोसरीच्या शेडमध्ये, तापल्या पत्र्याखाली,
घाम ट्रेसिंगवर पडू नये म्हणून
मनगटाला रुमाल बांधून काढलेल्या.

पेटंटची भाषा तेव्हा मजेची वाटायची.
उक्त बाटली उक्त पट्ट्यावरून येते,
उक्त रुळाशी थांबते,
उक्त लेबल उक्त बाटलीस...
घरी जाऊन मी आईला म्हणायचे,
उक्त भाकरी वाढ.

पहिलं मशीन खोकल्याच्या औषधाचं.
लेबलाखाली हवा राहायची,
सुरकुती पडायची ती नेमकी डोसाच्या आकड्यावर.
दोनाचा तीन दिसायचा.
साहेब ओरडायचे, "फुगे!"
आणि मी मान वर करायचे.
माझं आडनावच ते. भोसरीत दर चौथं घर फुग्यांचं.
मला हाक मारली की लेबलाला शिवी दिली,
कळायचं नाही.

मग एका सकाळी हसत आले:
"हिला टिकली लावताना बघितलं आज.
आधी मधोमध दाबते. कडा नंतर."
तेवढ्यावरून स्पंजचा फुगीर रूळ निघाला.
आकृती १, भाग क्रमांक १४.
काकूंचं नाव कुठे घालू, मी विचारलं.
तसा रकाना नव्हता.

दुसऱ्या कामासाठी ते समुद्राकाठी जायचे.
अणुभट्टीच्या नळ्या आतून धुवायच्या.
गंजच का, मी विचारलं.
"गंजासारखाच. पण ह्याला नजर असते."
तिथे माणसाला अकरा मिनिटं आत सोडत,
छातीवर बिल्ला लावून,
मग वर्षभर त्या दाराशी फिरकू देत नसत.
रसूल शिकलगार म्हणून एक जण होता मिरजेकडचा,
त्यानं साहेबांना सहज विचारलं,
बारावं मिनिट कुणाचं?
ते पुण्याला आले, डबा न उघडता बसून राहिले.

आठ महिन्यांनी बोटाएवढं एक तोंड तयार झालं.
मागच्या बाजूला तिरकी भोकं.
पाणी मागे फेकतं आणि त्याच्याच जोरावर पुढे सरकतं,
पवनेच्या डोहात पोरं सरकतात तसं.
आकृती २.
चाचणीला भोसरीत तसला गंज कुठला?
आम्ही नळीत चुना थापला, गूळ आटवून थापला.
नळी लख्ख झाली.
मुंग्या मात्र पुढचे दोन दिवस
उक्त नळीतून उक्त शेडमध्ये.

धुतलेलं जातं कुठे, साहेब?

"कुठेच जात नाही. जागा बदलतं.
पिंपात भरतात." मग थोड्या वेळानं,
"पिंपावर लेबल लावतात."

त्या दिवशी पहिल्यांदा
त्यांची दोन्ही कामं एका टेबलावर आली.
तीनशे वर्षं धरणारा डिंक,
न पिवळणारा कागद, न उडणारी शाई,
हे होईल, म्हणाले, हे जमवू.
पण लिहायचं काय? कुठल्या अक्षरात?

आमच्या घरी जमिनीचं एक खत आहे, मोडीतलं.
त्याच जमिनीवर पुढे ही शेड झाली.
आजोबांच्या माघारी ते कुणालाच लागत नाही.
मी दुसऱ्या दिवशी ते डब्याच्या पिशवीतून नेलं,
साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
वाचता आलं नाही, हे मात्र बोलले नाहीत.

आकृती ३ माझ्याकडेच राहिली.
पिंप आहे, झाकण आहे, पट्टी आहे,
आणि पिंपाच्या पोटावर एक रिकामा चौकोन.
क्रमांक ३० ची रेघ तिथवर जाते
आणि थांबते.
साहेब निवृत्त झाले, शेडमध्ये आता कुरिअरचं गोदाम आहे.

औषधाच्या दुकानात अजून सवय जात नाही.
बाटली हातात आली की
लेबलावरून अंगठा फिरवते.
सुरकुती नसते. कडा बसलेल्या असतात.
दुकानदार म्हणतो, तारीख बघताय का मावशी?
मी हो म्हणते.

त्या दुसऱ्या तोंडाचं काम कसं झालंय
ते असं अंगठ्यानं बघता येत नाही.
कुणाचाच अंगठा तिथे जाऊ नये,
एवढ्यासाठीच तर ते केलं होतं.